कराचीमार्गे दीव

डिसेंबर १९५५ मधल्या चार तारखा एका ओळीत मांडल्या, तर पोर्तुगालच्या हिंदुस्थानातील शेवटच्या सहा वर्षांची गोष्ट त्यांतून बरीचशी वाचता येते. १४ डिसेंबरला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. १६ डिसेंबरला सौराष्ट्राच्या टोकाजवळचे दीव बेट गोवा, दमण आणि कराचीशी नियमित विमानसेवेने जोडले गेले. १९ डिसेंबरला पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य असल्याचे पत्र दाखल केले आणि २२ डिसेंबरला, म्हणजे अवघ्या तीन दिवसांनी, त्याच न्यायालयात भारताविरुद्ध अर्ज केला. दमणहून दादरा आणि नगर हवेलीकडे जाण्याचा आपला हक्क भारताने अडवला आहे, अशी त्यात तक्रार होती.

यांपैकी तीन तारखा कायद्याच्या आणि राजनीतीच्या ग्रंथांत सापडतात. दुसरी तारीख सापडते ती विमानतळांच्या इतिहासात, तीही एखाद्या ओळीत. ती विमानसेवा चालवणारी कंपनी होती ‘ट्रान्सपोर्तेस एरेओस दा इंदिया पोर्तुगेझा’, म्हणजे ‘पोर्तुगीज हिंदुस्थानची हवाई वाहतूक’. सगळे तिला ‘टाइप’ या आद्याक्षरांनी ओळखत. गोव्याच्या वसाहत सरकारने १९५५ साली ती उभी केली आणि १९ डिसेंबर १९६१ ला राज्याबरोबरच ती कंपनीही संपली. गोवामुक्तीच्या मराठी वाङ्मयात सत्याग्रह आहे, तुरुंग आहे, लष्करी कारवाई आहे; या विमानांना मात्र फारशी जागा मिळालेली नाही. वास्तविक ही विमाने नेमकी कुठे गेली आणि कुठे जाऊ शकली नाहीत हे पाहिले, तर हेगच्या खटल्याचाही अर्थ अधिक उलगडतो.

नकाशा आणि त्यातली भोके

पोर्तुगालच्या ताब्यातला हिंदुस्थान म्हणजे एकसंध प्रदेश नव्हता. १५१० पासून गोवा, १५३५ पासून दीव, १५५९ पासून दमण अशा तीन जागा समुद्रकाठाने विखुरलेल्या होत्या. नकाशावर सरळ रेषेत मोजले तर गोव्याहून दीव सुमारे साडेसहाशे किलोमीटर भरते, आणि दमण ते दीव हे खंभातच्या आखाताच्या तोंडावरचे अंतर दोनशेच्या आसपास. दीव हे लहानसे बेट. मुख्य भूमीपासून एक अरुंद खाडी त्याला वेगळे करते आणि खाडीपलीकडचे घोघला गावही तेव्हा पोर्तुगीजांकडेच होते. दमणहून आत गेले की दादरा आणि नगर हवेली हे दोन तुकडे लागत. त्यांना समुद्र नाही, चारी बाजूंनी भारत.

ब्रिटिशांच्या काळात हे तुकडे एकत्र ठेवणे फारसे अवघड नव्हते. आगबोटी होत्या, मुरगावहून कॅसलरॉकमार्गे ब्रिटिश हिंदुस्थानात जाणारी रेल्वे होती, टपाल होते. दोन साम्राज्यांमध्ये कुरबुरी असल्या तरी वाट बंद होण्याची भीती नव्हती. १९४७ नंतर ती भीती आली. ११ जून १९५३ रोजी भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै महिन्यात दादरा, आणि ऑगस्टच्या २ तारखेला नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. त्या लढ्यात पुण्या-मुंबईचे मराठी तरुण होते आणि गायक-संगीतकार सुधीर फडके यांचा त्यातला भाग महाराष्ट्राला ठाऊक आहे. या प्रदेशांकडे जाऊ पाहणाऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना आणि शिपायांना भारताने आपल्या हद्दीतून सोडले नाही. जमिनीवरची वाट पहिल्यांदा बंद झाली ती इथे.

पुढच्या वर्षी नाकेबंदी आवळत गेली. पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन सहायक समितीने सत्याग्रहाची आखणी केली. केशवराव जेधे, जयंतराव टिळक अशी वेगवेगळ्या पक्षांची माणसे त्या समितीत एकत्र आली होती. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. २५ जुलैला पोर्तुगालची दिल्लीतील वकिलात बंद करायला भारताने सांगितले. १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही सीमेवर गेले, तेव्हा पोर्तुगीज पोलिसांनी आणि सैनिकांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर रेल्वे थांबली आणि १ सप्टेंबरला गोव्यातली भारताची वाणिज्य वकिलात बंद झाली. परवान्याशिवाय ये-जा अशक्य झाली. गोव्याच्या माणसाला मुंबई परदेश वाटू लागावी, अशी ही व्यवस्था होती.

दाबोळीची धावपट्टी

या घटनाक्रमात विमानतळाच्या तारखा बसवून पाहाव्यात. मुरगावच्या पठारावर दाबोळी येथे वसाहत सरकारने सुमारे २४९ एकर जमिनीवर विमानतळ उभारला. त्याचे उद्‌घाटन २९ मे १९५५ चे, म्हणजे गोरे-बापटांची तुकडी हद्द ओलांडून आत गेल्यानंतर अकराव्या दिवसाचे. पुढे या विमानतळाला तेव्हाचे गव्हर्नर जनरल पावलू बेनार्द गेदिश यांचे नाव देण्यात आले. दीवच्या धावपट्टीचे काम १९५४ मध्ये सुरू झाले होते, आणि दमणलाही धावपट्टी झाली.

सत्याग्रहाला उत्तर म्हणून विमानतळ बांधला, असे यावरून म्हणता येणार नाही. धावपट्टी अकरा दिवसांत होत नाही. पण दीवचे काम सुरू झाल्याचे वर्ष १९५४ आहे, दादरा-नगर हवेली हातून गेल्याचेही तेच वर्ष आहे. ज्या सरकारला तोवर तिन्ही ठिकाणी एकही विमानतळ बांधावासा वाटला नव्हता, त्याने वर्ष-दीड वर्षात तिन्ही ठिकाणी बांधले. ऑगस्ट १९५५ मध्ये सीमा पूर्ण बंद झाली तेव्हा त्याची पर्यायी व्यवस्था जवळपास तयार होती. म्हणजे नाकेबंदी येणार हे पणजीने आणि लिस्बनने आधीच ओळखले होते.

कंपनीच्या विमानांची यादी हाही एक कागदच आहे, आणि तो बराच बोलका आहे. सुरुवातीच्या विमानांत ब्रिटिश बनावटीचे ‘डी हॅविलंड हेरॉन’ होते. चार छोटी इंजिने, चौदा ते सतरा प्रवासी, आणि मुख्य गुण म्हणजे आखूड, साध्या धावपट्टीवरूनही उडण्याची क्षमता. दीव आणि दमणसारख्या ठिकाणांसाठीच हे विमान घेतले असणार, हे त्याच्या गुणांवरून सहज लक्षात येते. दुसरे ‘विकर्स व्हायकिंग’. महायुद्ध संपता संपता बनलेले, दोन इंजिनांचे, आत हवेचा दाब कायम राखण्याची सोय नसलेले, त्यामुळे फार उंचावरून न जाणारे. ते हेरॉनपेक्षा मोठे असल्याने अधिक माणसे आणि सामान नेता येई. आणि नंतर आली अमेरिकन ‘डग्लस डीसी-४’ आणि ‘डीसी-६’ ही चार इंजिनांची, लांब पल्ल्याची विमाने. १९६१ पर्यंत कंपनीचे जाळे मोझांबिक, तिमोर, मकाव आणि लिस्बनपर्यंत पसरल्याची नोंद आहे. सहा वर्षांत चौदा खुर्च्यांच्या हेरॉनपासून समुद्र ओलांडणाऱ्या डीसी-६ पर्यंतचा हा प्रवास प्रवाशांच्या मागणीने घडलेला नाही. गोव्याची लोकसंख्या तेव्हा सहा लाखांच्या आसपास होती आणि दीव तर त्यामानाने फारच लहान. हिशेब राजकीय होता. लिस्बन आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणत असे. प्रांत असेल तर तो राजधानीशी आणि दुसऱ्या प्रांतांशी जोडलेला दिसला पाहिजे. विमानाच्या वेळापत्रकावर तो तसा दिसत होता.

कराची हा कणा

भारतावरून उडण्याची मुभा नसल्याने गोव्याहून निघालेले विमान अरबी समुद्रावर जाई आणि किनारा दूर ठेवून उत्तरेला वळे. दीव आणि दमण ही या वाटेवरची स्थानके, तर टोक कराची. गोवा ते कराची हे अंतर सरळ रेषेत सुमारे साडेबाराशे किलोमीटर. व्हायकिंगला ते झेपत होते. कराचीला पोहोचले की पुढे जगाकडे जाणारी विमाने मिळत. युरोप आणि आग्नेय आशिया यांच्यामधला तो त्या काळचा मोठा थांबा होता.

कराची निवडण्यामागे आणखी एक कारण होते. त्या शहरात गोव्याच्या ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती होती. ‘कराची गोवन असोसिएशन’ ही त्यांची संस्था एकोणिसाव्या शतकातली. म्हणजे विमानाला नातेवाईक भेटायला जाणारे प्रवासी मिळू शकत होते. पण गोव्याबाहेरच्या गोवेकरांची सर्वांत मोठी वस्ती कराचीत नव्हती, ती मुंबईत होती. गिरगाव, धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावचे ‘कूड’, म्हणजे सामाईक निवास, होते. खलाशी, स्वयंपाकी, वादक, शिक्षक, कारकून अशी माणसे तिथे राहत आणि घरी पैसे पाठवत. पोर्तुगीज विमानाच्या नकाशावर मुंबई नव्हतीच. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकराला आपल्या गावी जायला परवाना मागावा लागे. त्याच्या गावाहून विमानाने उडालेला माणूस मात्र मुंबईला वळसा घालून कराचीत उतरे. पोर्तुगीज सरकारने गोव्याचे जगाशी नाते जोडले हे खरे, पण गोव्याच्या घरांचे जिथे नाते होते तिथे ते जोडले गेले नाही.

नाकेबंदीमुळे गोव्याची उपासमार झाली नाही. बटाटे नेदरलँड्सहून, तांदूळ आणि भाजीपाला पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून, अशी आयात होत होती. दुसरीकडे लोहखनिजाची निर्यात वाढली होती आणि तिच्यामुळे परदेशी चलन येत होते. अवजड माल अर्थातच जहाजाने येई. विमानाने येत ती माणसे, टपाल, अधिकारी, आणि मुख्य म्हणजे आपण एकटे पडलेलो नाही हा दिलासा. तो दिलासा सरकारला जास्त हवा होता.

त्याच दिवसांत दुसऱ्या बाजूनेही हवेचा मार्ग धरला होता. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, म्हणजे दीवची विमानसेवा सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी, सीमेलगतच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून मुक्तीपर्यंत चालवले. दाबोळीच्या विमानांना तिकीट लागत होते, या आवाजाला लागत नव्हते. त्यामुळे गोव्यातल्या घरांत पोहोचण्यापासून तो पोर्तुगीज पोलिसांना कधीच थोपवता आला नाही.

हेगमध्ये जे मागितले, आणि जे मागितले नाही

आता डिसेंबर १९५५ मधल्या अर्जाकडे यावे. पोर्तुगालने न्यायालयाकडे काय मागितले? दमणच्या किनाऱ्यापासून दादरा आणि नगर हवेलीपर्यंत, आणि त्या दोन तुकड्यांच्या दरम्यान, भारतीय हद्दीतून जाण्याचा हक्क. गोव्याहून दमणला किंवा गोव्याहून दीवला जाण्याच्या हक्काची मागणी अर्जात नव्हती. रेल्वे थांबली होती, सीमा बंद होती, टपाल अडले होते. तरी त्याबद्दल खटला नव्हता.

याचे एक कारण कायद्याचे. गोवा, दमण आणि दीव यांना समुद्र होता. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यावाचून गत्यंतर नाही, असे तिथे म्हणता येत नव्हते. पण विमानाच्या तारखा शेजारी ठेवल्या की त्या कायदेशीर कारणाला वस्तुस्थितीचा आधार मिळतो. अर्ज दाखल झाला तेव्हा दीवची विमानसेवा सहा दिवसांची होती. म्हणजे त्या महिन्यात पोर्तुगालने आपल्या तुटलेल्या नकाशाचे दोन भाग केले होते. जिथे विमान उतरू शकत होते तिथे विमान पाठवले. जिथे ते उतरू शकत नव्हते तिथला प्रश्न न्यायालयात नेला. एका गटात गोवा, दमण, दीव. दुसऱ्या गटात दादरा आणि नगर हवेली. दोन्ही गटांचे नकाशे एकमेकांवर ठेवले तर एकही जागा दोनदा येत नाही.

खटला सव्वाचार वर्षे चालला. भारताची बाजू अ‍ॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. भारताने नेमलेले खास न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवलेले महंमद करीम छागला. पोर्तुगालने अधिकारक्षेत्र मान्य करून तीनच दिवसांत अर्ज केला याला भारताने हरकत घेतली होती. न्यायालयाने ती २६ नोव्हेंबर १९५७ च्या निकालात मान्य केली नाही आणि खटला पुढे चालला. अंतिम निकाल १२ एप्रिल १९६० रोजी आला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यासाठी १९५४ साली पोर्तुगालला वाटेचा हक्क होता, हे न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य केले. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांच्यासाठी असा हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७ अशा काठावरच्या मतांनी ठरले. आणि जुलै १९५४ मध्ये त्या भागात निर्माण झालेला तणाव पाहता वाट नाकारून भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी.

या निकालाचा अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावला. व्यवहारात त्याने काही बदलले नाही. दादरा आणि नगर हवेली ऑगस्ट १९६१ मध्ये रीतसर भारतात सामील झाली. म्हणजे न्यायालयाकडे सोपवलेला भाग आधी गेला, आणि विमानांवर विसंबलेला भाग उरला.

लोहगावहून

१९६१ च्या नोव्हेंबरमध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या भारतीय प्रवासी बोटीवर गोळीबार झाला आणि एक माणूस दगावला. त्यानंतर दिल्लीची लष्करी तयारी वेगाने झाली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिमोरहून लिस्बनला निघालेले ‘इंदिया’ जहाज मुरगावला थांबले, तेव्हा गव्हर्नर जनरल वासालू ई सिल्वा यांनी लिस्बनची मनाई असतानाही सुमारे सातशे युरोपीय नागरिकांना त्यावर चढवले. जहाजाची क्षमता याच्या जेमतेम निम्मी होती. १४ डिसेंबरला पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार यांची तार आली. शरणागती नाही, प्राणपणाने लढा, असा तिचा आशय होता. इतकी मोठी आज्ञा ज्यांना होती त्यांच्याकडे गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हते. आकाशात पोर्तुगालचे जे काही होते ते प्रवासी वाहतुकीचे होते.

भारतीय हवाई दलाला मिळालेल्या आदेशात हे गृहीत दिसते. दाबोळीची धावपट्टी निकामी करायची, पण टर्मिनलची इमारत आणि विमानतळाच्या इतर सोयींना धक्का लावायचा नाही. बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त करायचे. दमण आणि दीवच्या धावपट्ट्या शत्रूला वापरू द्यायच्या नाहीत, मात्र आधी परवानगी घेतल्याशिवाय त्यांवर हल्ला करायचा नाही. हा आदेश वाचला की दिसते, उद्या हाच विमानतळ आपल्याला वापरायचा आहे हे आदेश लिहिणाऱ्याच्या मनात पक्के होते. हवाई कारवाईचे नेतृत्व मूळचे गोव्याचे असलेले एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होते.

१८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याच्या लोहगाव तळावरून बारा ‘कॅनबेरा’ बॉम्बफेकी विमाने निघाली. सहा वर्षांपूर्वी सत्याग्रहाची आखणी झाली तेही हेच पुणे. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखालच्या या तुकडीने दाबोळीवर ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आठ कॅनबेरांची दुसरी तुकडी गेली. बेळगावच्या सांबरा तळावरून उडालेल्या ‘हंटर’ विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र पाडले. त्याबरोबर गोव्याचा लिस्बनशी बोलण्याचा धागा तुटला. दीववर जामनगरहून आलेल्या ‘तूफानी’ विमानांनी मारा केला. नियंत्रण मनोरा, बिनतारी केंद्र, हवामान केंद्र आणि धावपट्टी हे त्यांचे लक्ष्य होते. सहा वर्षे दीवला जगाशी जोडणाऱ्या सगळ्या वस्तू या एकाच यादीत होत्या. अंजदीववर नौदलाच्या तुकडीला उतरावे लागले. तिथे पांढरे निशाण दाखवल्यानंतर झालेल्या गोळीबारात नौदलाचे सात जण कामी आले.

त्या दिवशी दाबोळीच्या फलाटावर दोन मोठी विमाने उभी होती. एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय विमान कंपनीचे ‘सुपर कॉन्स्टेलेशन’, दुसरे ‘टाइप’चे डीसी-४. बॉम्बफेकीतून दोन्ही वाचली. त्यानंतर जे घडले त्याविषयी दोन बाजूंचे वृत्तांत वेगवेगळा सूर लावतात. भारतीय वृत्तांतात धावपट्टी निकामी झाल्यावर भर आहे. पोर्तुगीज वृत्तांतात ती काही तासांत तात्पुरती दुरुस्त झाल्यावर. दोन्हींना मान्य असलेली गोष्ट एवढीच की, रात्रीच्या अंधारात दोन्ही विमाने उडाली आणि कराचीला पोहोचली. त्यांत अधिकाऱ्यांची कुटुंबे होती. डीसी-४ चालवत होते कंपनीचे संचालक मेजर सोलानू दे अल्मेइदा. दोन्ही वृत्तांत एकत्र वाचले तर निष्कर्ष सरळ निघतो. बॉम्बनी खड्डे पडले, पण पट्टीचा काही भाग शाबूत राहिला. आणि तेवढा आखूड भाग, कमी वजन आणि जिवावर उदार झालेले वैमानिक एवढ्यावर उड्डाण होऊ शकले. धावपट्टी नष्ट झाली की नाही, हा प्रश्नच मग दुय्यम ठरतो. ती नियमित सेवेला निरुपयोगी झाली होती, आणि एका रात्रीपुरती उपयोगी उरली होती.

‘टाइप’चे ते शेवटचे उड्डाण. १९ डिसेंबरच्या रात्री साडेआठला वासालू ई सिल्वा यांनी ब्रिगेडियर के. एस. धिल्लन यांच्यापुढे शरणागतीच्या कागदावर सही केली. न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा समितीत युद्धबंदीचा आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव ७ विरुद्ध ४ मतांनंतर सोव्हिएत नकाराधिकाराने पडला होता. आणि गोव्यावर भारतीय हवाई दलाच्या एका विमानातून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ध्वनिक्षेपकावरून सांगत होते की गोवा मुक्त झाला आहे. सहा वर्षे जमिनीवरून, लपून बोललेले ते दोन आवाज त्या दिवशी विमानात होते. गोव्याचे आकाश ज्यांच्या मालकीचे होते ते कराचीत उतरले होते.

नंतरचे प्रवासी

गोवा-कराची या वाटेचे खरोखरचे शेवटचे प्रवासी मात्र याहून वेगळे. शरण आलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक गोव्यातल्या छावण्यांत युद्धकैदी होते. लिस्बनला त्यांना परत घेण्याची घाई नव्हती. जिंकण्याची किंवा मरण्याची आज्ञा असताना ते जिवंत आणि पराभूत होते. मे १९६२ मध्ये त्यांची सुटका झाली तेव्हा त्यांना आधी विमानाने कराचीला नेण्यात आले आणि तिथून जहाजांनी लिस्बनला. पोर्तुगीज वेळापत्रकातली वाट तीच, फक्त आता विमाने भाड्याची होती आणि परवानगी भारताची.

दाबोळीचा ताबा एप्रिल १९६२ मध्ये नौदलाकडे गेला. तिथली नागरी वाहतूक १९६६ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १९८७ पासून युरोपातून थेट पर्यटकांची खास विमाने येऊ लागली. ज्या टर्मिनलला धक्का लावायचा नाही असा आदेश होता, त्याचा उपयोग त्या आदेशाच्या अपेक्षेप्रमाणेच झाला. दीवची धावपट्टीही पुढे मुंबईशी जोडली गेली. १९५५ च्या नकाशात मुंबईच वगळलेली होती, हे इथे लक्षात ठेवावे. गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले. तोवर लिस्बनमध्ये हुकूमशाही कोसळली होती.

‘टाइप’ची विमाने फसली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या कामासाठी ती आणली ते त्यांनी केले. नाकेबंदीत गोवा सहा वर्षे टिकला, दीवला टपाल मिळाले, अधिकारी फिरले. प्रश्न त्या कामाच्या आधाराचा होता. ही वाट तीन गोष्टींवर उभी होती: पाकिस्तानची मर्जी, तीन आखूड धावपट्ट्या आणि त्या उडवून न देण्याचा भारताचा निर्णय. यांतल्या धावपट्ट्या सोडल्या, तर एकही गोष्ट पोर्तुगालच्या हातात नव्हती. शेजाऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क पोर्तुगालने हेगला मागितला आणि अर्धा मिळवलाही. पण शेजाऱ्याला टाळून वर्षानुवर्षे जगता येईल, हा त्याहून मोठा दावा त्याने कुठल्याच न्यायालयात मांडला नव्हता. तो त्याने दाबोळी, दमण आणि दीवच्या धावपट्ट्यांवर मांडला, आणि लोहगाव, सांबरा नि जामनगरहून उडालेल्या विमानांनी तो एका दिवसात निकालात काढला.